कडाक्याच्या थंडीत आरव्हीतील पाणी

प्रश्न : आम्ही ॲरिझोनात फीनिक्सला राहतो. भारतातून आलेल्या आई-बाबांना घेऊन डिसेंबरच्या अखेरीस ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवरील (दक्षिण कड्यावरील) ट्रेलर व्हिलेज या मुक्कामतळावर आमच्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये (गाडीमागे जोडून न्यायच्या फिरत्या घरात, म्हणजे आरव्हीत) काही रात्री राहण्याचा बेत आहे. फीनिक्समध्ये पाणी गोठण्याची चिंता कधी करावी लागली नाही. टाकी आणि पाइप फुटू नयेत म्हणून काय करावे? तेथे विजेची जोडणी मिळणार असल्याने प्रोपेन गॅसची फर्नेस (गरम हवा सोडणारी भट्टी) बंद ठेवून इलेक्ट्रिक हीटर वापरला तर चालेल का?

उत्तर : साउथ रिम समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंचीवर आहे आणि डिसेंबरात तेथे रात्री पारा शून्याच्या बराच खाली उतरणे ही नित्याची बाब आहे. त्यामुळे तयारी फीनिक्समधून निघण्यापूर्वीच करावी.

हीटरचा प्रश्न आधी घेतो, कारण नुकसान बहुधा तेथूनच सुरू होते. ज्या ट्रेलरचा तळ बंदिस्त असतो, त्यांपैकी अनेकांत फर्नेसच्या गरम हवेचा काही भाग टाक्या आणि पाइप असलेल्या तळाच्या पोकळीत सोडण्याची सोय असते. इलेक्ट्रिक हीटरने खोली उबदार झाली की तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटला फर्नेस सुरू करण्याची गरज वाटत नाही. परिणामी आत माणसे सुखाने झोपलेली असताना खाली पाणी गोठू लागते. म्हणून फर्नेस बंद ठेवू नये. हीटर लावलाच तर तो मंद ठेवावा आणि रात्रभर फर्नेस अधूनमधून सुरू होत राहील अशा बेताने थर्मोस्टॅट लावावा. आपल्या ट्रेलरमध्ये गरम हवा तळापर्यंत खरोखर पोहोचते का, हे उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहावे आणि पंपाच्या कप्प्यात एक लहान तापमापक ठेवून खात्री करून घ्यावी. प्रोपेनचे दोन्ही सिलिंडर भरून न्यावेत.

पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. भरलेली टाकी सावकाश थंड होते. धोका असतो तो थोडे पाणी असलेल्या आणि वाऱ्याला उघड्या पडलेल्या जागांना, म्हणजे बाहेरचा होज (नळाचे पाणी ट्रेलरमध्ये आणणारी लवचिक नळी), बाहेरच्या शॉवरची तोटी, तळातून खाली आलेल्या निचऱ्याच्या नळ्या यांना. पेक्सचे (लवचिक प्लॅस्टिकचे) पाइप काहीसे ताणले जातात, म्हणून ते पुष्कळदा वाचतात, पण जोडण्या, पंप आणि टॉयलेटचा व्हॉल्व्ह तडकतात. ही तडक बर्फ वितळून पाणी गळू लागेपर्यंत दिसत नाही.

साधा होज रात्री नळाला जोडून ठेवू नये. दिवसा टाकी भरून घ्यावी, होज काढून, त्यातील पाणी झटकून तो आत ठेवावा आणि ट्रेलरच्या पंपावर पाणी वापरावे. आतून तापणारा होज मिळतो, पण थोड्या रात्रींसाठी मला टाकीचा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो. बाहेरच्या शॉवरची नळी रिकामी करावी. रात्री सिंकखालच्या कपाटांची दारे उघडी ठेवावीत.

सांडपाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंदच असावा आणि टाकी भरत आल्यावर एकदम रिकामी करावी. तो उघडा राहिल्यास थेंब थेंब पाणी बाहेरच्या नळीत थरावर थर गोठत जाते आणि नळी तुंबते. घरात नळ बारीक सुरू ठेवण्याचा उपाय करतात, तो येथे उपयोगाचा नाही. त्याने ही टाकी रात्रीतच भरेल. सिंकखालच्या पाणी साचून राहणाऱ्या वाकड्या नळीत (ट्रॅपमध्ये) आणि सांडपाण्याच्या टाकीत आरव्हीसाठीचे गुलाबी, प्रॉपिलीन ग्लायकॉलचे अँटिफ्रीझ (गोठण रोखणारा द्रव) थोडे ओतता येते. गाडीच्या इंजिनासाठीचे एथिलीन ग्लायकॉल विषारी असते. ते पाण्याच्या व्यवस्थेत कधीही घालू नये.

आई-बाबांना थंडी वाजली तरी उबेसाठी गॅसची शेगडी पेटवू नका, कारण बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा ठरतो. त्याचा अलार्म चालू असल्याची खात्री निघण्यापूर्वी अवश्य करा.

सकाळी एखाद्या नळाला पाणी आले नाही, तर पंप ताबडतोब बंद करावा, तो नळ उघडा ठेवावा आणि हेअर ड्रायरने नळाकडून मागे मागे जात पाइपाला ऊब द्यावी. उघडी ज्योत वापरू नये. पाणी पुन्हा सुरू झाल्यावर लगेच निश्चिंत न होता प्रत्येक जोडणीभोवती कोरडा कागद फिरवून गळती आहे का ते पाहावे, आणि गळती आढळल्यास पंप बंद ठेवून टाकीतील पाणी सोडून द्यावे.