कॅमशाफ्ट बदलल्यावर व्हॉल्व्ह स्प्रिंग किती कडक घ्यावी?

आपण साताऱ्याहून विचारले आहे की, मारुती एस्टीमच्या १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्हच्या इंजिनात जास्त लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारा, कॅमशाफ्ट बसवून ते ७५०० आरपीएमपर्यंत (मिनिटाला फेरे) न्यायचे आहे, आणि दुकानदार ‘मिळेल ती सर्वांत कडक स्प्रिंग टाका’ असे सांगतो, तर ते ऐकावे का. माझे उत्तर: त्याचे ऐकू नका. मी सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत सिलिंडर हेडची (इंजिनाच्या वरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागाची) कामे करतो, आणि गरजेपेक्षा कडक स्प्रिंगने खाल्लेले कॅम आणि रॉकर (कॅमचा जोर व्हॉल्व्हपर्यंत पोचवणारे दांडे) माझ्या टेबलावर नेहमी येतात.

कॅमचा, म्हणजे कॅमशाफ्टवरचा, उंचवटा व्हॉल्व्हला ढकलून उघडतो, पण टोकाजवळ आल्यावर त्याचा वेग मोडून त्याला परत फिरवण्याचे काम एकट्या स्प्रिंगला करावे लागते. त्यासाठी लागणारा जोर आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तोच कॅम ६००० ऐवजी ७५०० वर फिरवला तर सुमारे ५६ टक्के जास्त जोर लागतो. तो कमी पडला की रॉकर कॅमपासून सुटतो, व्हॉल्व्ह वेळेवर बसत नाही आणि बसला तरी सीटवर (बंद होताना तो टेकतो त्या कडेवर) आपटून पुन्हा उडतो. मात्र हा जोर हलणाऱ्या भागांच्या वजनावरही तितकाच अवलंबून असतो, म्हणून कडकपणा वाढवण्याआधी वजन कमी करता येते का हे पाहावे. वरच्या टोकाला निमुळती होत जाणारी, मधमाश्यांच्या पोळ्याच्या आकाराची स्प्रिंग मला याच कारणासाठी आवडते. तिला लहान आणि हलका रिटेनर (स्प्रिंगला वरून धरणारी चकती) चालतो, शिवाय तिचे वेढे एकसारखे नसल्यामुळे ठरावीक आरपीएमला सगळी स्प्रिंग एकदम लहरू लागण्याचा धोका कमी होतो. साध्या स्प्रिंगमध्ये ती लहर दाबण्यासाठी आत दुसरी स्प्रिंग किंवा पट्टीचा डॅम्पर घालतात.

कडक स्प्रिंगचा तोटा कुठे होतो हे पुष्कळांना उलटे वाटते. जास्त वेगाला व्हॉल्व्हची जडता स्प्रिंगचा बराच दाब खाऊन टाकते, त्यामुळे कॅमच्या टोकावर सर्वांत जास्त दाब येतो तो आयडलिंगला, म्हणजे इंजिन मंद चालू असताना, जेव्हा तेलाचा पुरवठाही कमीच असतो. नवा कॅम पहिल्या काही मिनिटांत खराब होतो तो यामुळे.

आता मोजमापाकडे वळू, कारण खरी निवड तिथे होते. स्प्रिंग मागवण्याआधी व्हॉल्व्ह, रिटेनर आणि लॉक (रिटेनरला व्हॉल्व्हच्या दांडीवर अडकवणारे तुकडे) बसवून, व्हॉल्व्ह वर ओढून धरून, खालच्या वॉशरपासून रिटेनरच्या खालच्या बाजूपर्यंतचे अंतर प्रत्येक व्हॉल्व्हला स्वतंत्र मोजा. उदाहरणादाखल हे अंतर ३४ मिमी आहे, व्हॉल्व्हची लिफ्ट १० मिमी आहे आणि स्प्रिंग बंद स्थितीत २५ किलो दाब देऊन पुढे दर मिमीला ३.५ किलो वाढते असे धरू. मग पूर्ण उघडल्यावर उंची २४ मिमी आणि दाब ६० किलो होईल. हीच स्प्रिंग बेंच व्हाइसमध्ये वेढे टेकेपर्यंत दाबून २२.५ मिमी भरली, तर दीड मिमी जागा शिल्लक राहते, आणि मी तेवढी ठेवतोच. खाली १ मिमीची शिम (पातळ चकती) घातली तर दाब साडेतीन किलोने वाढेल खरा, पण ती जागा अर्ध्या मिमीवर येईल. तसे इंजिन मी सुरू करू देणार नाही. पूर्ण लिफ्टला रिटेनर आणि गाईडवरील सील (व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते तिच्यावरचे, तेल अडवणारे) यांच्यातही तेवढेच अंतर असावे, कारण जास्त लिफ्टच्या कॅमबरोबर हे तपासायचे हमखास राहून जाते. सीट कटिंग (सीट कापून पुन्हा नीट करणे) झाले असेल तर व्हॉल्व्ह आत बसतो, ३४ चे साडेचौतीस होतात आणि बंद दाब पावणेदोन किलोने उतरतो.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका हेडसाठी १६ नव्या स्प्रिंग एकाच पाकिटातून आल्या होत्या. टेस्टरवर (स्प्रिंगचा दाब मोजणाऱ्या यंत्रावर) ३४ मिमीपर्यंत दाबल्यावर चौदांचा काटा २५ ते २६ किलोच्या दरम्यान थांबला आणि दोघींचा २२ वरच. दिसायला त्या तंतोतंत सारख्या होत्या. त्या तशाच बसल्या असत्या तर एकाच सिलिंडरचे व्हॉल्व्ह इतरांच्या आधी सुटू लागले असते आणि मालकाने दोष इग्निशनमध्ये शोधला असता. म्हणून पाकिटावरच्या आकड्यावर विसंबू नका, प्रत्येक स्प्रिंग टेस्टरवर ठेवा.

तार क्रोम-सिलिकॉनची आणि शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा करून पृष्ठभाग मजबूत करणे) केलेली घ्यावी. ७५०० आरपीएमला प्रत्येक स्प्रिंग तासाभरात सव्वादोन लाख वेळा दाबली जाते, त्यामुळे पकडीचा एक ओरखडा किंवा गंजाचा एक ठिपकादेखील तडा सुरू करायला पुरेसा असतो. तिला पक्कडीने धरू नका आणि बसवेपर्यंत तेल लावून ठेवा. वेढे एका बाजूला जवळजवळ असतील तर ती बाजू हेडकडे ठेवा.

एक धोका मात्र कोणत्याही स्प्रिंगने टळत नाही. ईसीयूचा (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचा) लिमिटर इंधन तोडतो, पण यवतेश्वरचा घाट उतरताना चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला तर चाकेच इंजिनाला ओढून ९००० वर नेऊ शकतात, आणि कॅमपासून सुटलेला व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतो. यासाठी व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यात किती जागा उरते, हे पिस्टनवर मातीची वडी ठेवून, हेड आवळून, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून पाहा. ते माप आणि सोळा व्हॉल्व्हच्या उंचीची मापे कॅमच्या कार्डासह (कॅमसोबत येणाऱ्या मापांच्या तक्त्यासह) मला कळवलीत, तर आपल्या इंजिनाला किती किलोची स्प्रिंग लागेल ते मी आकड्यांत सांगू शकेन.