आवाज कोणासाठी आहे, ते आधी बघ

प्रिय बेटा,

तुझं पत्र मिळालं. दुर्बीण घेतली, मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज ओळखणारं ॲपही टाकलं, आता नागपूरजवळच्या गोरेवाड्याच्या जंगलात नवरंग पक्षी बघायला कधी जायचं, हा तुझा प्रश्न. पावसाळ्याच्या तोंडावर जाऊ. तोवर एक सवय लावून घे. आवाज कानावर पडला की तो कोणाचा, एवढ्यावर थांबू नकोस. तो कोणासाठी आहे, तेही शोध.

सुरुवात घराजवळच कर. तुमच्या लेआउटमध्ये रिकामे प्लॉट आहेत, तिथे उन्हाळ्यात टिटवी सापडेलच. उघड्या गिट्टीत ती बहुधा चार अंडी घालते. मातकट, काळ्या डागांची, दोन हातांवरून दिसणार नाहीत अशी. तू लांब असलास तर ती थांबून थांबून ओरडते. जवळ जाशील तशी तिची घाई वाढते, आवाज चढतो, मग ती थेट डोक्यावर झेपावते. ते ओरडणं तुझ्यासाठीच असतं. तिथून मागे फिर आणि लांबून बघत राहा. ऐन मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, अंबाझरीच्या काठावर मी एक टिटवी पाहिली होती. ती पाण्यात पोट भिजवून यायची, पिसांतून पाणी ठिबकत असतानाच अंड्यांवर बसायची आणि पिसं वाळली की पुन्हा पाण्याकडे जायची. या पाखराला लोक अशुभ म्हणतात, याचं मला फार वाईट वाटतं.

दयाळ मार्चपासून ऐक. पहाटे हवा स्थिर असते, रहदारी नसते, आवाज दूरवर जातो. नर अँटेनाच्या किंवा झाडाच्या शेंड्यावर बसून गातो. ते गाणं शेजारच्या नरासाठी असतं, तसं मादीसाठीही. रोज एकाच दयाळाला ऐक. कुठली लकेर तो पुन्हा घेतो, शेजाऱ्याने उत्तर दिलं की काय बदलतो, हे आठवडाभरात कळायला लागेल. हिवाळ्यात तोच नर गाणं जवळजवळ सोडून देतो, नुसता चरचरतो. तेव्हाही ऐकणं सोडू नकोस.

दुपारी तांबट. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा त्याचा टुक् टुक् चालू असतो. दुर्बिणीतून त्याचा गळा बघ: चोच बंद, आणि प्रत्येक ठोक्याला गळ्याची पिवळी पिसं फुगतात. तो मान इकडेतिकडे वळवतो, त्यामुळे आवाज कुठून येतोय तेच कळत नाही. वड-पिंपळ फळांवर आले की महाराजबागेच्या बाजूला तो हमखास दिसतो. त्याच फळांवर हरियालही येतात.

पावशाचं ‘पेरते व्हा’ आपल्याला शेतकऱ्याला घातलेली साद वाटते. खरं तर नर हाक मारतो ती मादीसाठी आणि आपल्या हद्दीसाठी. त्याची मादी अंडी घालते ती सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात. हे कळल्यापासून मला पावशा जास्तच आवडतो. मृगाच्या आधी त्याचा चढत जाणारा आवाज आला की आजही मी हातातलं काम ठेवतो.

आता नवरंग. दक्षिणेकडून तो आपल्याकडे विणीसाठी येतो. सकाळ-संध्याकाळ त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते, आणि इथेच माणसं हावरट होतात. सेमिनरी हिल्सच्या एका नाल्याकाठी काही जण छोट्या स्पीकरवर नवरंगाची शीळ पुन्हा पुन्हा वाजवत होते. नवरंग दर वेळी बाहेर यायचा. त्याच्या चोचीत गांडुळं लोंबत होती, म्हणजे जवळच पिल्लं उपाशी होती. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय असं समजून तो घास तसाच धरून फिरत राहिला. कॅमेरे वाजत होते. मी त्यांना थांबवलं, त्यांनी स्पीकर बंद केला, पण तोवर बराच वेळ गेला होता. तू विणीच्या काळात कधीही आवाज वाजवू नकोस, कोणी कितीही आग्रह केला तरी. फोटो नाही मिळाला तर नाही मिळाला.

ॲप वापर, पण त्याच्यावरच विसंबू नकोस. कोतवाल पक्षी शिक्रा या शिकारी पक्ष्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो, आणि त्याने घाबरलेल्या मैनेच्या चोचीतला घास पळवतो. म्हणून पक्षी डोळ्यांनी बघ, मगच नाव लिही.

आणि माणसांना विचार. मारुती चितमपल्ली वनाधिकारी होते, तरी जंगलातल्या जाणत्या माणसांकडून शिकत राहिले. त्यांचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर आणि पक्षितज्ज्ञ सालिम अलींचा 12 नोव्हेंबर, या आठवड्यात आपल्याकडे पक्षी सप्ताह असतो. तेव्हा अंबाझरीवर गेलास की तळ्यावरच्या ढिवरांशी, म्हणजे मासेमारांशी बोल. कुठला पक्षी पाण्यावर कधी उतरतो, हे त्यांच्याइतकं पक्कं कोणाला ठाऊक नसतं.

एक साधी वही कर. तारीख, वेळ, झाड, पक्षी काय करत होता, आणि आवाज तुझ्याच अक्षरांत, तुला ऐकू आला तसा. पहिली पानं दयाळाची असू देत. महिन्याभराने वही घेऊन ये, आपण दोघं मिळून वाचू, आणि मग गोरेवाड्याचा दिवस ठरवू.

तुझा,
काका