जर्मनीला कुत्रा नेताना तारखा आधी बघा

ताई, जूनमध्ये साताऱ्याहून म्युनिकला जाताना मोतीला सोबत न्यायचं तर कागदपत्रांना किती वेळ लागतो, आणि तिकडं एकटं वाटतं का, असं विचारलंत. नियमांची यादी सरकारी साइटवर मिळेल. मी तारखांचं सांगते, कारण आमचं घोडं तिथंच अडलं.

सांगलीत आमच्या डॉक्टरांनी बंड्याला रेबीजची लस आधी टोचली आणि कातडीखालची ओळखीची मायक्रोचिप पुढच्या आठवड्यात बसवली. चिपच्या आधीची लस युरोपात धरतच नाहीत. लसीच्या पुस्तकात स्टिकर, सही, शिक्का सगळं जागच्या जागी, फक्त दोन तारखा उलट्या. मग परत लस, किमान ३० दिवसांनी रक्ताची तपासणी, तीही युरोपनं मान्य केलेल्या लॅबमध्ये. टायटर, म्हणजे रक्तातल्या रेबीजविरोधी अँटीबॉडीचं प्रमाण, निदान ०.५ IU/ml हवं, आणि रक्त काढल्यापासून पुढं ३ महिने थांबायचं. त्या डॉक्टरांवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

नोकरीची तारीख थांबेना. मी पुढं जर्मनीला आले, बंड्या सांगलीच्या गावभागात पप्पांजवळ राहिला. त्याला न्यायला मलाच परत जावं लागलं, कारण मालक आणि कुत्रा यांच्या प्रवासात ५ दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलं तर व्यापारी जनावरांचे नियम लागतात. तोवर तो पप्पांचा झाला होता. पहाटे दोघं कृष्णाकाठी जायचे, येताना दूध आणायचे. "ने, तुझाच आहे," म्हणाले, पण साखळी माझ्या हातात देताना पट्ट्याचं बक्कल दोनदा ओढून बघितलं. बंड्या इथं मजेत आहे. पप्पा फोनवर आधी त्याची चौकशी करतात. त्याला आणलं ते बरं केलं का, हे मला आजही ठरवता येत नाही.

एकटेपणाचं म्हणाल तर कुत्रा असला की रोज बाहेर पडावंच लागतं, ओळखी होतात. त्याची फार काळजी करू नका.

मोतीला सासूबाई रोज भाकरी घालतात, असं तुम्ही लिहिलंय. तिकीट काढण्याआधी त्यांच्याशी नीट बोला. आणि पुस्तक आजच उघडा. चिप लसीच्या आधी किंवा त्याच दिवशी बसवलेली असेल, लसीला महिना उलटला असेल आणि पुढचा डोस चुकला नसेल, तर लगेच तपासणीला रक्त देता येईल. मुंबईच्या ॲनिमल क्वारंटाइन ऑफिसचं सर्टिफिकेट मात्र शेवटी घ्या, ते पोहोचण्याआधीच्या १० दिवसांतलंच चालतं.