पहिली तलवार घ्यायचीय, कुठली घेऊ?

प्रश्न : मी २४ वर्षांचा आहे, सांगलीत नोकरी करतो. शिवजयंतीच्या मिरवणुकीत मर्दानी खेळ बघितले आणि तेव्हापासून तलवार शिकायचीच हे डोक्यात बसलंय. गडाच्या पायथ्याला दुकानात चकाचक तलवारी मिळतात, ऑनलाइनपण दिसतात. पहिली कुठली घेऊ? आणि व्हिडिओ बघून घरच्या घरी जमेल का?

उत्तर : आधी वस्ताद शोधा, तलवार नंतर. तुम्ही सांगलीत आहात म्हणजे कोल्हापूर तासा-दीड तासावर, आणि तिथे मर्दानी खेळाच्या तालमी आजही चालू आहेत. गेल्या गेल्या तुमच्या हातात तलवार कुणी देणार नाही. आधी लाठी मिळेल, पवित्रा आणि पाय घोटून घेतील, मग फरी-गदगा, म्हणजे एका हातात छोटी ढाल आणि दुसऱ्या हातात चामडं गुंडाळलेली काठी. हे कंटाळवाणं वाटेल पण वार कुठून येतो, अंतर किती ठेवायचं, चुकलं तर कुठे लागतं हे सगळं तिथेच कळतं, आणि काठीचा फटका बसला तर काळंनिळं होतं, बोट जात नाही. व्हिडिओत समोरच्याचा हात दिसतो, पण तुमचा हात चुकतोय हे सांगणारं कुणी नसतं, म्हणून एकट्याने नकोच.

आता खरेदी. दुकानातल्या बऱ्याचशा तलवारी भिंतीवर लावायला बनवलेल्या असतात, स्टेनलेस स्टीलच्या, आणि इतक्या लांब पात्याला ते स्टील ठिसूळ पडतं. मुठीच्या आत बारीक सळई वेल्डिंग करून घातलेली असते. अशी तलवार जोरात फिरवली की पातं मुठीतून निसटून समोरच्या माणसाकडे जाऊ शकतं, म्हणून ती फिरवायची नाहीच, भिंतीवर छान दिसते तिथेच राहू दे. सरावाला बोथट धारेची, टोक गोल केलेली, स्प्रिंगच्या पोलादाची हवी, आणि ती वस्तादांना दाखवूनच घ्या. हातात घेऊन मूठ घट्ट धरून झटका द्या, आत खुळखुळ आवाज आला तर ठेवून द्या. मग पातं एका बोटावर तोलून बघा, तोल मुठीपासून वीतभराच्या आत आला तर बरं, पार पुढे गेला तर मनगट लवकर थकतं आणि थकलेल्या हातातूनच अपघात होतात. जुन्या चांगल्या तलवारी साधारण किलोच्या आसपासच असतात, जड म्हणजे भारी असं काही नसतं.

मुठीबद्दल जरा जास्त बोलतो, कारण नवीन माणूस इथेच फसतो. आपल्या पारंपरिक मुठीच्या टोकाला गोल चकती असते. हात पुढे करून शेकहँड करतो तशी मूठ धरली की ती चकती मनगटात रुतते, मग लोक म्हणतात मूठच चुकीची बनवलीय. चूक मुठीची नाही. ही तलवार नुसत्या मनगटाने फिरवायची नसते, वार खांद्यातून आणि कोपरातून निघतो, कंबर सोबत वळते, आणि ती चकती मनगटाला जागेवर ठेवते. ते एकदा अंगात बसलं की हात दुखायचा थांबतो.

म्यानातून काढतानाचा धोकापण सांगतो. डाव्या हाताने म्यान धरताना बोटं धारेच्या बाजूला वळवायची नाहीत. म्यान आत लाकडाचं असतं, जुनं असेल तर शिवण उघडलेली असते, आणि काढताना पातं तिथून बाहेर येऊन बोटं कापतं. तळवा पात्याच्या पाठीच्या, म्हणजे धार नसलेल्या बाजूला, बोटं सपाट, काढताना पातं म्यानाच्या पाठीला घासत. परत घालतानापण बघूनच घाला, सिनेमातला हिरो न बघता घालतो ते आपल्याला नको. आणि तलवार हातातून सुटली तर झेलायला जाऊ नका, पाय मागे घ्या आणि पडू द्या. घरात पंख्याखाली, लहान मुलं फिरतायत तिथे काहीच करू नका. दुसऱ्याला देताना हातात देण्यापेक्षा खाली ठेवा, त्याला उचलू द्या. तळहातावर किंवा डोक्यावर लिंबू ठेवून कापायचे प्रयोग बघायला भारी वाटतात, पण त्यामागे कित्येक वर्षांचा सराव असतो, तुम्ही आणि तुमचे मित्र त्याच्या वाटेला जाऊ नका, प्लीज.

आणि कायदा. तलवार शस्त्र अधिनियम १९५९ च्या कक्षेत येते, शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असले की सार्वजनिक ठिकाणी बाळगली तर गुन्हा होतो. तलवारीने केक कापला म्हणून गुन्हा दाखल झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच, ऑनलाइन मागवलेल्या तलवारींवरही कारवाई झालीय. धार नाही म्हणून कुणी सोडेल असं समजू नका. घ्यायच्या आधी तुमच्या पोलीस ठाण्यात विचारा, आणि मिरवणुकीत खेळायचं तर परवानगी आयोजक आणि वस्तादांमार्फत घ्या. घरातून काढून बाइकवर लावून नेणं अजिबात नको.

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची आहे, तिला पाठवू का? नातेवाईक म्हणतात मुलीच्या जातीला हे कशाला.

उत्तर : ताई, पाठवा, बिनधास्त पाठवा. मुली हा खेळ आजही खेळतात आणि छान खेळतात. फक्त पाठवायच्या आधी स्वतः जाऊन एक तास बसून बघा. लहान मुलांना काठी देतात की सरळ लोखंड देतात, दोन जोड्यांमध्ये अंतर ठेवतात का, कुणी मध्ये आलं की सगळे थांबतात का, आणि वस्ताद ओरडतात तेव्हा चुकीला ओरडतात की पोराला. यातलं एक जरी खटकलं तर दुसरी तालीम बघा.

प्रश्न : आजोबांची जुनी तलवार आहे, दसऱ्याला पुजतो. डाग पडलेत, चिंचेने घासू का?

उत्तर : नको! चिंच, लिंबू, पॉलिश पेपर, काहीच नको. जुन्या पात्यावरची नक्षी, अक्षरं त्याने कायमची जातात. कोरड्या सुती कापडाने पुसा, शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या. खंडेनवमीला हळदकुंकू ओलं लावलं असेल तर त्याच संध्याकाळी पुसून परत तेल लावा, पाणी राहिलं की तिथे गंज बसतो. बोटं पात्याला लावू नका, घामाचेसुद्धा ठसे उमटतात. चामड्याच्या म्यानात पावसाळाभर ठेवू नका, चामडं ओल धरतं. मूठ हलत असेल तर स्वतः ठोकू नका, आत राळेसारखा मसाला भरलेला असतो, तो सुटतो. आणि ती शंभर वर्षांच्या वरची असेल तर १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरू शकते, परदेशी न्यायचा विचार असेल तर पुरातत्त्व खात्याकडे आधी चौकशी करा.