नऊ वर्षांच्या मुलासाठी फुटबॉलचा वर्ग निवडताना

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. डिसेंबरचा जन्म, चणीने लहान, पण फुटबॉलचं भयंकर वेड. एका मोठ्या अकादमीत ट्रायल दिली. 'अजून लहान पडतो' म्हणून त्याला 'ब' संघात घेतलं. आठवड्याला पाच दिवस दोन-दोन तास सराव, रविवारी दीड तासाचा ११ जणांचा सामना, तीन वर्षांची फी एकदम. निवडक मुलांना परदेशी क्लबात पाठवतो, असंही ते सांगतात. घराजवळ एक साधा वर्ग आहे, तिथे तीन दिवस सव्वा-सव्वा तास छोट्या संघांचे खेळ घेतात. पुढे यातच करिअर करायचं असेल तर मोठी अकादमी सोडणं चूक ठरेल का?

उत्तर : चूक ठरणार नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून माझा कल घराजवळच्या वर्गाकडे आहे. तरी फी भरण्याआधी दोन्हीकडे एकेक पूर्ण सराव मैदानाच्या कडेला बसून बघा.

बघायचं कसं, ते सांगते. संघातला सर्वांत चांगला मुलगा सोडून द्या आणि मधलाच कुणीतरी एक निवडा. घड्याळ लावून दहा मिनिटं फक्त त्याच्याकडे लक्ष ठेवा. चेंडूला त्याचा पाय किती वेळा लागला, तो रांगेत किती वेळ उभा राहिला, एवढंच टिपून ठेवा. बारा मुलं एका रांगेत, समोर एक गोल, एकेकाने पळत येऊन किक मारायची, असा सराव दिसायला शिस्तीचा वाटतो. हिशेब केला तर एका मुलाला वीस सेकंद लागतात, म्हणजे पुन्हा नंबर यायला चार मिनिटं. वीस मिनिटांत पाच किका! तेवढ्याच वेळात तीन विरुद्ध तीनचे दोन खेळ लावले, तर तीच बारा मुलं सतत चेंडूजवळ राहतात, वळतात, हुलकावणी देतात, चुकतात आणि लगेच सुधारतात. या वयात पायाला चेंडूची सवय होणं आणि मान वर करून बघण्याची सवय लागणं हेच खरं शिक्षण. ड्रिबलिंगच्या, म्हणजे चेंडू पायाशी ठेवून पळण्याच्या सरावाला प्रत्येकाला स्वतःचा चेंडू मिळतो का, तेही बघा. चेंडू ४ नंबरचा हवा, म्हणजे घेर ६३.५ ते ६६ सेंटीमीटर. मोठ्यांचा ५ नंबरचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो, तो या पायांना जड जातो आणि मुलं पायाच्या पंज्याऐवजी टोकाने मारायला लागतात.

आता ११ जणांच्या सामन्याबद्दल. मोठ्या गोलची आडवी दांडी २.४४ मीटर उंचीवर असते आणि दोन खांबांत ७.३२ मीटर अंतर असतं. नऊ वर्षांचा गोलकीपर साधारण सव्वा ते दीड मीटर उंचीचा. त्याच्या डोक्यावरून चेंडू मारला की गोल! त्यामुळे ज्या संघात एखादा दांडगा, लांब किक मारणारा मुलगा असतो तो संघ जिंकत जातो, कपाट ट्रॉफ्यांनी भरतं आणि बाकीची मुलं त्या चेंडूमागे नुसती धावतात. म्हणूनच अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने २०१७ पासून आठ वर्षांपर्यंत ४ विरुद्ध ४, नऊ-दहाला ७ विरुद्ध ७, अकरा-बाराला ९ विरुद्ध ९ आणि तेरापासून ११ विरुद्ध ११ अशी पायरी घालून दिली. अकादमीच्या ट्रॉफ्यांवरून तुमच्या मुलाच्या शिक्षणाचा अंदाज बांधू नका.

'लहान पडतो' हे वाक्य मनाला लावून घेऊ नका, आणि त्याच्यासमोर तर उच्चारूच नका. वयोगट १ जानेवारीपासून मोजला, तर त्याच गटात जानेवारीत जन्मलेला मुलगा तुमच्या मुलापेक्षा जवळजवळ एक वर्षाने मोठा असतो. नवव्या वर्षी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा नववा हिस्सा! जगभरच्या युवा संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं जास्त निवडली जातात, हे वारंवार दिसून आलेलं आहे. प्रशिक्षक बऱ्याचदा वाढ बघतो आणि तिलाच गुणवत्ता समजतो. मुलांची उंची झपाट्याने वाढते ती साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी, आणि तेव्हा चित्र पुष्कळदा पालटतं. 'ब' संघाला कोण शिकवतं, त्यांना सामने किती मिळतात, हे मात्र जरूर विचारा. 'अ' संघाला मुख्य प्रशिक्षक आणि 'ब' संघाला कालपरवा रुजू झालेला मदतनीस, अशी वाटणी असेल तर तुमच्या फीवर दुसऱ्याचं मूल घडतंय.

सरावाच्या तासांचीही मला काळजी वाटते. पाच दिवस दोन तास आणि रविवारचा दीड, म्हणजे साडेअकरा तास. वयाची जितकी वर्षं, आठवड्याला त्याहून जास्त तास संघटित खेळ नको, हा क्रीडावैद्यकातला वापरात असलेला ठोकताळा आहे. त्यापुढे अतिवापराच्या दुखापती वाढतात. या वयात नेमकी टाच धरते. टाचेच्या हाडाची वाढ चालू असते आणि पोटरीचा स्नायू तिथेच ओढ देत असतो. मूल सरावानंतर चवड्यांवर चालायला लागलं, टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर कळवळलं, तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा. 'थोडं दुखणारच, पळ' असं म्हणणाऱ्या प्रशिक्षकाकडे मूल ठेवू नका. शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणाऱ्याकडेही नको, कारण मग धावणं म्हणजेच शिक्षा, हे मुलाच्या डोक्यात पक्कं बसतं.

परदेशी क्लबाच्या आश्वासनाला तर अजिबात भुलू नका. फिफाच्या नियमानुसार १८ वर्षांखालील खेळाडूचं एका देशातून दुसऱ्या देशात हस्तांतर करता येत नाही. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने स्थलांतरित झाले, अशासारखे मोजके अपवाद आहेत. चार दिवसांची सहल आणि क्लबाच्या मैदानावरचा फोटो वेगळा, करार वेगळा.

प्रशिक्षकांना हे थेट विचारा : लायसन्स कोणत्या स्तराचं आहे, आणि त्यात लहान मुलांना शिकवण्याचा भाग होता का? प्रत्येक मुलाला किमान अर्धा सामना मिळतो का? जागा बदलून खेळवता का, की एकदा गोलमध्ये उभा केला की वर्षभर तिथेच? हेडिंग, म्हणजे डोक्याने चेंडू मारणं, घेता का? अमेरिकेत दहा वर्षांपर्यंत ते बंद आहे, आणि इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक वयाच्या मुलांच्या सरावात घेऊ नये अशी सूचना आहे. डोक्याला मार लागलेल्या मुलाला त्याच दिवशी पुन्हा मैदानात उतरवता का? याचं उत्तर 'नाही' असंच हवं. सरावाला कायम दोन मोठी माणसं हजर असावीत आणि मुलाला जाणारा प्रत्येक निरोप पालकांच्या मोबाइलवर यावा. हलवता येणारे गोल असतील तर मागच्या दांडीवर वजनं किंवा जमिनीत खुंट्या आहेत का, ते स्वतः जाऊन बघा. न बांधलेला गोल अंगावर पडून मुलं दगावलेली आहेत.

तीन वर्षांची फी एकदम भरू नका. एक महिना किंवा एक सत्र मागा, आणि मध्येच सोडलं किंवा दुखापत झाली तर पैसे किती परत मिळणार, हे लेखी घ्या. लेखी द्यायला टाळाटाळ झाली की पुढे जाऊच नका.

घराजवळच्या वर्गात नाव घातल्यावर महिनाभर सुट्टीच्या दिवशी त्याच्याकडे लक्ष ठेवा. कुणी न सांगता तो चेंडू घेऊन भिंतीवर मारत बसला, डावा पाय वापरून बघू लागला, तर वर्ग बरोबर निवडला. सरावाच्या दिवशी पोट दुखायला लागलं, बूट सापडेनासे झाले, तर आधी त्याच्याशी बोला आणि मग प्रशिक्षकांशी. अकादमीला नम्रपणे 'सध्या नको' कळवा. बाराव्या-तेराव्या वर्षी, मोठं मैदान सुरू होताना, तो पुन्हा ट्रायल देऊ शकतो.