मालिकेच्या कधीच न आलेल्या, काल्पनिक भागाचं विनोदी वर्णन जमत नाही, काय चुकतं?

तुम्ही नमुना दिलाय : 'सासूबाई विमानातून उडी मारतात आणि डायनासोरवर बसून घरी येतात.' वाचून कोणी हसत नाही म्हणता. मला वाटतं, यात मालिकाच हरवलीय. डायनासोर आला की काहीही घडू शकतं, मग वाचणाऱ्याला ओळखीचं काही सापडत नाही.

मालिका कशी चालते ते बघा. आठवड्याला सहा भाग, अर्ध्या तासातून जाहिराती वजा जाता साधारण २२ मिनिटं. रोज एवढी गोष्ट आणायची कुठून? म्हणून दिवाणखान्यात कोणी एक वाक्य बोललं की कॅमेरा सातही जणांच्या तोंडावर फिरतो, प्रत्येकी तीनदा, ढॅण ढॅण करत. पकडायचं ते हे. मी असं लिहीन :

'भाग ८४७. थोरल्या वहिनी चहात साखर घालायला विसरतात. धाकटी ते दाराआडून पाहते. अप्पा अजून जिन्यातच आहेत. साखरेचा डबा कोणी हलवला?'

भाषा सेटटॉप बॉक्सवर येणाऱ्या दोन ओळींसारखी कोरडी ठेवा. 'धमाल', 'भन्नाट' असलं काही घातलंत की संपलं. आकडाही खरा वाटणारा हवा. भाग ८४७ पटतो, भाग दहा लाख पटत नाही.

आणि ज्याचं विडंबन करायचं त्यावर जीव हवा, हे मी अगदी मनापासून सांगतो. आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावाने रविकिरण मंडळातल्या कवींची विडंबनं लिहिली, आणि 'आजीचे घड्याळ' ही कविताही त्याच नावाने लिहिली. कविता हाडात मुरलेली होती, म्हणून दुसऱ्याची लकब त्यांना अचूक उचलता आली.

माझी आजी रात्रीची मालिका बघताना मेथी निवडायची. चेहरे फिरायला लागले की मान खाली, हात चालू. गोष्ट पुढे सरकायच्या बेताला बरोबर वर बघायची. एकदा कुकर बंद करून आली आणि विचारलं, "अजून जिन्यातच आहे का रे तो?" माझ्या नमुन्यातले अप्पा तिथूनच आलेत. अशा माणसाशेजारी बसून एकच मालिका आठ दिवस सलग बघा. बघणाऱ्यांची टिंगल मात्र करू नका; मालिकेची नस त्यांनाच कळलेली असते.

तुमच्या सासूबाई चांगल्या आहेत, त्या ठेवा. विमान आणि डायनासोर काढून टाका, त्यांना स्टँडवरून रिक्षाने येऊ द्या :

'भाग ८५१. सासूबाईंची रिक्षा कोपऱ्यापर्यंत येते. घरात सगळे दाराकडे बघतात.'

'भाग ८५२. रिक्षा वळते.'