डॉक्टर, गूळ चालतो ना?

मागच्या अंकात "दातांबद्दल काय विचारायचं ते विचारा" असं छापलं आणि माझ्याकडे पत्रांचा आणि व्हॉट्सॲपचा नुसता ढीग आला की ओ. सगळ्यांना उत्तर देणं काय जमणार नाही, चारच घेते. एक गंमत सांगू का, निम्म्या लोकांनी शेवटी लिहिलंय "सध्या दुखत नाही, पण सहज विचारलं". त्या "दुखत नाही"वर खाली येतेच.

प्रश्न : आमचं स्वतःचं गुऱ्हाळ आहे. घरात साखर कधीच बंद केली, चहासुद्धा गुळाचा. पोरं शाळेतून आली की हातात गुळाचा खडा आणि शेंगदाणे. तरी धाकट्याच्या दोन दाढा किडल्यात. गूळ नैसर्गिक असतो ना, मग असं कसं?
– एक गुऱ्हाळवाले, करवीर तालुका

उत्तर : दादा, तुमचा गूळ एक नंबर असणार यात वादच नाही, आपल्या कोल्हापुरी गुळाला जीआय टॅग काय उगीच मिळालेला नाही. पण तोंडातल्या जंतूंना त्याचं काही कौतुक नसतं. गूळ म्हणजे उसाचा रस आटवलेला, त्यात बहुतेक साखरच, आणि जंतूंना साखर मिळाली की ते तिचं ॲसिड करतात. गूळ पिवळा का काळा, सेंद्रिय का केमिकलचा, ते जंतू विचारत नाहीत. त्यात गूळ चिकट, दाढेच्या खाचेत बसला की बसलाच. काकवीचं पण तेच, आणि हो, मधाचं पण.

आता खरी गोष्ट. काहीही गोड खाल्लं की दातावरच्या थरात थोड्याच वेळात ॲसिड तयार होतं आणि पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं ॲसिड जास्त) साडेपाचच्या खाली गेला की दाताच्या वरच्या कडक कवचातलं कॅल्शियम विरघळायला लागतं. मग लाळ येऊन ते ॲसिड धुते, आणि गेलेलं कॅल्शियम परत बसवायला लागते. लाळेला या सगळ्याला साधारण अर्धा तास, कधी तास लागतो. म्हणजे आपल्या तोंडात दुरुस्तीचा मिस्त्री फुकटात ठेवलेला आहे, फक्त त्याला कामाला वेळ द्यायला पाहिजे. आता तुमच्या धाकट्याचा दिवस बघा. सकाळी गुळाचा चहा आणि बटर, शाळेत मधल्या सुट्टीत गोळी, घरी आल्यावर खडा, खेळून आल्यावर अजून एक खडा, संध्याकाळी परत चहा, झोपताना गोड दूध. मिस्त्रीनं भिंतीला हात लावला की वरून परत पाणी, कसं काम होणार?

म्हणून मी कुणाला गोड बंद करा म्हणत नाही, कोल्हापुरात राहून तसं म्हणणं पण बरं दिसत नाही. किती खाल्लं यापेक्षा दिवसात कितीदा खाल्लं हे जास्त महत्त्वाचं. हे माझं मत नाही हं. स्वीडनमध्ये १९४५ ते १९५३ या काळात विपेहोल्म नावाच्या संस्थेत मतिमंद रुग्णांना चिकट टॉफ्या खायला देऊन दात किती किडतात ते बघितलं गेलं. त्यांना न विचारता केलेला प्रकार होता, आज असं कुणी करू शकणार नाही आणि करूही नये, पण त्यातनं कळलं ते हेच, की जेवणासोबत खाल्लेल्या साखरेनं फारसा फरक पडला नाही, जेवणाच्या मधे मधे चिकट गोड खाणाऱ्यांचे दात भराभर किडले. तेव्हा खडा द्यायचाच तर जेवणात द्या, भाकरीबरोबर, पोळीबरोबर. वर शेंगदाणे खाऊ देत, मग पाण्यानं खळखळून चूळ. शाळेतून आल्यावर नुसते शेंगदाणे, नाहीतर पेरू, गाजर, काहीही. त्या दोन दाढा मात्र लगेच दाखवा, त्या आपोआप भरून येत नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी पाच वर्षांची आहे. दुधाची दाढ किडली म्हणून दाखवलं तर डॉक्टर फिलिंग करा म्हणतात. सासूबाई म्हणतात पडणारच आहेत की ते दात, कशाला पैसे घालवायचे. मलाही थोडं पटतंय, काय करू?
– एक आई, राजारामपुरी

उत्तर : वहिनी, सासूबाई बरोबर आहेत, पण पुढच्या दातांपुरत्या. समोरचे दात सहा-सात वर्षांपासून पडायला लागतात. दुधाच्या दाढा मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. म्हणजे ही किडकी दाढ घेऊन पोरीनं अजून पाच-सहा वर्षं जेवायचं. तेवढ्यात कीड दाताच्या आतल्या नसेला जाऊन भिडणार, रात्री दोन वाजता गाल सुजणार, आणि तेव्हा फिलिंगनं भागणार नाही. दाढ लवकर काढावी लागली तर बाजूचे दात त्या रिकाम्या जागेत सरकतात, खालून येणाऱ्या पक्क्या दाताला जागाच उरत नाही आणि तो वाकडा येतो. मग तारा. त्या तारांच्या खर्चापुढं हे फिलिंग काहीच नाही. करून घ्या.

अजून एक, आणि हे मी प्रत्येक आईला सांगते. सहा वर्षांच्या आसपास सगळ्यात मागं, दुधाच्या दाढांच्या पलीकडं एक नवीन दाढ येते, वर दोन, खाली दोन. त्यासाठी आधी कुठलाही दात पडत नाही, म्हणून घरच्यांना वाटतं ही पण दुधाचीच. ती नसते. ती जन्मभराची असते. तिच्या खाचा खोल असतात, ब्रश आत पोचत नाही, त्यामुळे तिलाच आधी कीड लागते. पेशंटला "ही पक्की दाढ होती" असं सांगितल्यावर आईचा चेहरा उतरतो तो मी दर आठवड्याला बघते. ती आली की दाखवा, खाचा बुजवायचं एक पातळ औषध असतं, सीलंट म्हणतात. टोचत नाहीत, कोरत नाहीत, काही नाही.

ब्रश तुम्ही स्वतः करून द्या, सात-आठ वर्षांपर्यंत. पोरी "मी करते" म्हणतात, करू दे, मग वरून तुम्ही एक हात फिरवा. पेस्ट वाटाण्याएवढी, तीन वर्षांखालचं मूल असेल तर तांदळाच्या दाण्याएवढीच, जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर नको. पेस्टमध्ये फ्लोराईड आहे का ते मागं बारीक अक्षरात वाचा, आपल्याकडे १००० पीपीएमपर्यंत घालायला परवानगी आहे. खूप "नैसर्गिक" म्हणवणाऱ्या पेस्टमध्ये ते नसतंच. ब्रश झाला की थुंकायला लावा आणि लगेच भरपूर चुळा नकोत, थोडं फ्लोराईड दातावर राहू दे. रात्रीचं दूध प्यायचं तर आधी, ब्रश नंतर. दूधकट्ट्यावरनं आणलेलं ताजं दूध असलं तरी नियम तोच.

प्रश्न : दर सहा महिन्यांनी दात दाखवा म्हणता, पण दुखत नसताना कशाला यायचं? मित्राच्या सांगण्यावरून एकदा दात साफ करून घेतले तर फटी पडल्या आणि दात आंबायला लागले. परत जाणार नाही.
– एक तरुण, शाहूपुरी

उत्तर : फटी आधीपासूनच होत्या रे भावा, त्यात कीटण भरलं होतं म्हणून दिसत नव्हत्या. सिमेंटनं बुजवलेलं भोक मोकळं केल्यासारखं. कीटणामुळे हिरडी मागं सरकलेली असते, ते काढलं की दाताचा तो भाग पहिल्यांदाच उघडा पडतो म्हणून थोडे दिवस थंड-आंबट लागतं, मग कमी होतं. नाही झालं तर ज्यांनी केलं त्यांना सांग, त्यावर पेस्ट असते.

आणि दुखण्याचं ऐक. दाताच्या कवचात नस नसते. कीड तिथं असते तेव्हा तुला काहीही कळणार नाही, आधी नुसता पांढरट डाग असतो, या टप्प्यावर फ्लोराईड आणि नीट ब्रशनं तो थांबतो, कधी कधी भरूनही येतो. पुढं खड्डा पडला तर एका बैठकीत फिलिंग. दाढ रात्री ठणकायला लागली याचा अर्थ बहुतेक वेळा कीड आतल्या नसेला जाऊन पोचली, म्हणजे रूट कॅनॉल, वर कॅप, तीन-चार चकरा. गाडीचं ऑइल तू इंजिन जाम झाल्यावर बदलतोस का? सहा महिने हा काही दगडावरचा आकडा नाही, कुणाला वर्षानं चालतं, तंबाखूवाल्याला आणि शुगरवाल्याला तीन महिन्यांनी बोलवावं लागतं, पण ते तपासल्याशिवाय कसं ठरवणार.

प्रश्न : आजी ७२ वर्षांची. वरची दाढ हलते, दुखते. वरची दाढ काढली की नजर जाते म्हणून ती काढू देत नाही. रोज मिश्री लावते, म्हणते त्यानंच ठणका थांबतो. आता शेजारच्या गावातल्या एका बाईकडून कानावाटे दातातले किडे काढून घ्यायचं म्हणते.
– नातू, कागल तालुका

उत्तर : आजींना माझा नमस्कार सांग आणि सांग की डोळ्याची नस वेगळी, दाताची वेगळी, दोघींचा एकमेकींशी संबंध नाही. मग ही समजूत आली कुठनं? ज्या वयात दाढा हलतात त्याच वयात मोतीबिंदू पण येतो, दाढ काढल्यावर वर्षभरानं दिसेनासं झालं की खापर दाढेवर. किड्यांचं म्हणशील तर दातात अळी नसतेच. फ्रान्सच्या पिएर फोशार यांनी १७२८ साली आपल्या पुस्तकात लिहून ठेवलंय की शोधून शोधून किडे काही सापडले नाहीत. त्या बाईकडं नेलंत तर कान तेवढा भाजून घ्याल.

मिश्रीवर मात्र मी चिडते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, बाकी काही नाही. निकोटिननं घटकाभर बरं वाटतं, म्हणून बायकांना ते औषध वाटतं आणि लागते ती सवय. दात घासायच्या पेस्टमध्ये, पावडरीत तंबाखू घालायला आपल्याकडे १९९२ पासून बंदी आहे, पण घरी तव्यावर भाजून केलेल्या मिश्रीला कोण अडवणार. हिरड्या मागं जातात, दात हलतात, आणि तोंडाचा कॅन्सर होतो तो वेगळाच. आजींच्या गालाच्या आत, जिभेखाली बॅटरी मारून बघ, पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर थांबू नको, कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी दवाखान्यात ने नाहीतर नवे पारगावच्या डेंटल कॉलेजला.

काढायला आणशील तेव्हा शुगर तपासलेला कागद आणि रोजच्या गोळ्यांची पिशवीच घेऊन ये. रक्त पातळ करायची गोळी असली तर आपल्या मनानं बंद करू नका, आधी विचारा. आणि दाढेवर ॲस्पिरिन ठेवू नका, हिरडी भाजते. सकाळची वेळ घे, आजींना नाश्ता करून आण, उपाशी पोटी नको.